आया बघून निवडलेले अकरा

उभा बैल खोटारडा असतो. खांदा भरलेला, शिंगं डौलदार, डोळे पाणीदार, आणि नांगराला जुंपला की दुसऱ्या तासाला बसकण मारतो. म्हणून बैल चालवून बघावा, ओझ्याखाली बघावा, आणि ओझं उतरल्यावर त्याच्या बरगड्या किती वेळानं शांत होतात तेही बघावं. खोंड कोवळा असला, अजून जुंपलेलाच नसला, तर मात्र त्याला बघण्यात वेळ घालवू नये. त्याची आई बघावी.

हे शहाणपण माझ्या बापाचं आणि मी ते जन्मभर वापरलं. शिवऱ्याला हमरस्त्याच्या कडेला माझा गोठा होता. जनावर घ्यायचं म्हटलं की भोर-वेल्ह्याची माणसं सर्जेरावाला, म्हणजे मला, पुढे घालून बाजारात नेत. माझ्या शब्दावर कुणी शंका काढली तर मी कासरा त्याच्या अंगावर टाकून तडक घरी यायचो. माझी पारख चांगली आणि जीभ वाईट, असं लोक म्हणायचे. दोन्ही खरं होतं.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, ऐन आषाढात, पासलीचा कुंडलिक हवालदार माझ्या दारात येऊन उभा राहिला. फौजेतून पेन्शनीवर आलेला गडी. लोक फौजेतून येताना ट्रंक आणतात, कांबळी आणतात. यानं चामड्याचा फुटबॉल आणला होता. वेल्ह्याकडच्या डोंगरातली वीसेक पोरं गोळा करून तो त्यांना खेळ शिकवत होता. पंधरा ऑगस्टला भोरच्या संघाशी सामना ठरला होता. भोरची पोरं बूट घालून खेळायची. आमच्या पोरांच्या पायात चिखलाशिवाय काही नव्हतं.

"अकरा निवडायचं हायत," हवालदार म्हणाला.

"मग निवड की. मला कशाला सांगतोस?"

"म्या निवडलं तर ऱ्हायल्यालं समदं माज्याच भावकीतलं निघत्यात. मला त्याच गावात पानी प्यायचंय. तुमी निवडा. शिव्या तुमाला, सामना मला."

"आरं, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत न्हाई."

"खेळ मला कळतो. तुमी फकस्त अंग बघा."

आत चुलीपुढे बसलेली माझी बायको रतनबाई हसायला लागली. "जावा की," म्हणाली, "पर आई बघून पोरगं पसंत करायचं न्हाई हां. माज्या बापानं तुमची आई आदी बघितली असती, तर तुमी अजून बिनलग्नाचंच असता."

ती चेष्टेनं बोलली, पण माझ्या डोक्यात तेच बसलं.

वेल्ह्यापर्यंत यष्टीनं आणि पुढे पायी, असा मी पासलीला पोचलो. हवालदारानं पोरं माळावर उभी केली होती. मी कुणाला चेंडूला हात, म्हणजे पाय, लावू दिला नाही. भाताचं पोतं खांद्यावर देऊन एकेकाला चढावर पळवला, आणि खाली आल्यावर नुसता त्यांच्या छातीकडे बघत बसलो. ताकद खांद्यात आणि मांडीत दिसते. वेग नडगीत दिसतो. नडगी लांब आणि घोटा बारीक असला की जनावर वाऱ्याला मागे टाकतं. दम बरगड्यांत दिसतो. एखादा धापा टाकतो आणि चिलीम भरून होईपर्यंत गार होतो. दुसरा तेवढंच पळून अर्धा तास भात्यासारखा हलत राहतो. पहिला सामन्याच्या शेवटीही पळेल, दुसरा अर्ध्यातच पाणी मागेल. एवढं मला कळत होतं, आणि ऐकून हवालदाराचे डोळे चमकत होते.

"आनि तोल?" त्यानं विचारलं. "चिखलात खेळायचंय. आंगात ताकद असंल, पर पाय सटाकला तर ताकद घिऊन करायचं काय?"

इथे मी अडलो. तोल उभ्या अंगात कुठंच दिसत नाही. पोतं देऊनही दिसत नाही. माणूस पडायला लागला की मगच तो असतो किंवा नसतो.

"ह्यांच्या आया दाखव," मी म्हणालो.

हवालदारानं लढाई बघितली होती, पण असा चेहरा त्यानं तिथंही केला नसेल.

लावणी चालली होती. पावसाला आडोसा म्हणून अंगावर पानांची इरली घेऊन बाया खाचरात ओणव्या होत्या. वरून पाऊस, खाली पोटरीएवढा चिखल. बांधावर उभा राहून मी बघू लागलो, आणि खरं सांगतो, तासाभरात माझी बोलती बंद झाली. आयुष्यभर जनावरांची अंगं बघितली, पण माणसाच्या अंगाकडे मी कधी तसं बघितलंच नव्हतं. बाजीराव नावाचा पोरगा सगळ्यांत जोरात पळायचा. त्याची आई फुलाबाई रोपांच्या जुड्यांची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून अशी गेली की पाटी जागच्या जागी आणि खाली पाय तेवढे पळताहेत. वीतभर रुंदीचा बांध, शेवाळलेला. तिनं खाली एकदाही बघितलं नाही. हे रोज चालतं, आणि कुणी थांबून बघतसुद्धा नाही!

फुलाबाईनं मला बघितलं. "काय वो पाव्हणं," ती मोठ्यानं म्हणाली, "लई येळ निरखताय. दात बगायचं ऱ्हायलं की!"

सगळं खाचर हसलं. मी भोरच्या बाजारात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, पण तिथं मान खाली घालून पुढे सरकलो. बाजीराव पक्का झाला.

असे एकेकाच्या आईवरून दहा ठरले. अकराव्या जागेला हवालदारानं गेनूला पुढे केलं. विशीतला, अंगानं सडपातळ, दम चांगला. पण पळताना डावं पाऊल बाहेर टाकायचा. सरळ चांगल्या पायाचा माणूस, आणि पाऊल तिरपं. बैलात ही खोड दिसली की मी पुढचं काही बघतच नाही.

"ह्याची आई कुठली?"

हवालदार जरा घुटमळला. मग त्यानं बोट केलं. खाचराच्या पलीकडच्या अंगाला एक बाई बांधावरून येत होती. अक्काबाई. तरुणपणी ओझ्यासकट पडून तिचा डावा पाय मोडला होता आणि हाड वाकडंच बसलं होतं. पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेलं. ती आधी अंगठा टेकवायची, चाचपायची, मगच भार द्यायची.

"ह्यो नको," मी म्हणालो. माझा आवाज बाजाराचा. हळू बोलणं मला जमत नाही. "खाण तशी माती. आईच लंगडी. ऐन येळंला पोराचा पाय दगा दील."

पाऊस पडत होता म्हणून मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पण ती बांधावर थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराच्या पडवीत पोरं नावं ऐकायला जमली. त्यांच्या मागे निम्मं गावही आलं होतं. मी दहा नावं घेतली. अकरावं, गेनूऐवजी दुसऱ्याच पोराचं, घेणार, तेवढ्यात अक्काबाई पायऱ्या चढून वर आली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"पाव्हणं, तुमी आई बघून पोरगं घेता म्हनं."

"घेतो."

"मग माज्याकडं बघू नगा. गेनू माजा न्हाई."

पडवीतल्या सगळ्या माना गेनूकडे वळल्या.

"माज्या धाकट्या भयनीचा हाय त्यो, भामाचा. भामा तांदळाचं ओझं घिऊन मढे घाटानं कोकनात उतरायची आनि मिठाचं ओझं घिऊन वर यायची. हितल्या म्हाताऱ्यांना इचारा. बाप्यांना जमायचं न्हाई त्ये. हा झाला आनि ती तापानं गेली. म्या नुसता संबाळला. माजं ह्या पायाचं त्याच्यात कायबी न्हाई."

दोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. ही गोष्ट गावाला ठाऊक होती. गेनूलाही ठाऊक होती. पण ती कुणी कधी तोंडातून काढायची नाही, असं ठरल्यासारखंच होतं. गेनू भिंतीला टेकून उभा होता. त्यानं वर बघितलं नाही.

"त्यानं आजवर कदी काय मागितलं न्हाई," अक्काबाई म्हणाली. "ह्ये एकच. ह्यो चेंडू आल्यापास्नं झोपंत बी पाय हालीवतो. माज्या पायापायी त्याचं ह्ये जाया नगं."

मला माझ्या जिभेचा असा राग आला की काय सांगू. पण नियम तो नियम. भामासारख्या आईचं पोरगं मी सोडणं शक्य नव्हतं. तिरपं पाऊल ही नुसती सवय, जाईल, असं मी मनाशी म्हटलं आणि अकरावं नाव घेतलं. पोरं ओरडली. गेनू ओरडला नाही. अक्काबाई पायऱ्या उतरून गेली, आणि तो तिच्या मागे न जाता माळाकडे निघून गेला.

पुढे हवालदार शिवऱ्याला आला तेव्हा त्याच्याकडून कळलं. गेनू जेवत होता, कामं करत होता, सरावाला येत होता, पण घरात त्यानं अक्काबाईला हाक मारणं सोडलं होतं. 'पानी हाय का,' 'शेळी सोडली,' असं भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचा. हवालदारानं छेडलं तर एवढंच म्हणाला, "एका खेळापायी तिनं मला समद्यांम्होरं वाटंला लावला." आणि अक्काबाई? ती रोज त्याच्यासाठी दूध राखून ठेवत होती.

माझं अन्न गोड लागेना. गुरांच्या बाजाराचा नियम मी एका घरात नेऊन घातला होता, आणि त्या घरातलं एक हाक मारणंच बंद पडलं होतं. पण करणार काय? बोलून गेलेलं परत घेता येतं का?

सामन्याच्या दिवशी आया मैदानात हव्यात, असा हट्ट मी धरला. निवड त्यांच्यावरून केली आहे, मग त्यांना पुढे बसवा! भोरच्या लोकांनी थट्टा केली, पण हवालदारानं आया यष्टीनं आणल्या आणि मैदानाच्या कडेला घोंगडी टाकून बसवल्या. भाटघरचं धरण भरलं होतं, माणसं आधी पाणी बघून मग सामन्याला आली होती. पाऊस नुसता भुरभुरत होता, पण मैदानाचा गारा झाला होता. अक्काबाईही आली होती. घोंगडीवर मात्र बसली नाही. लांब फाटकापाशी, लिंबाखाली एकटी उभी राहिली. ती आई नाही असं तिनंच सांगितलं होतं; आता बसणार कुठल्या तोंडानं?

सामना सुरू झाला आणि पहिल्या धडाक्यात भोरनं गोल केला. बूटवाली पोरं अंगानं दांडगी होती. आमचा बाजीराव वाऱ्यासारखा निघायचा, पण चिखलात वळायला गेला की आपटायचा. मी कडेनं शिव्या घालत होतो. दोनदा पंचानं मला मागे सरकायला सांगितलं.

मध्यंतर झाल्यावर भोरच्या पोरांच्या बरगड्यांकडे माझं लक्ष गेलं. बूट चिखलानं जड झाले होते आणि भाते हलत होते. आमची पोरं शांत उभी होती. मी हवालदाराला म्हणालो, "आता बघ."

पण मी जे बघितलं ते मला अपेक्षित नव्हतं.

चेंडू गेनूकडे आला. भोरचा एक धिप्पाड गडी धावत येऊन खांद्यानं त्याच्यावर आदळला. असा धक्का खोंडाला बसला असता तर खोंड पडला असता. गेनूचं सगळं अंग आडवं झालं. डोकं खाली, एक हात चिखलाला लागलेला. गेला, म्हटलं मी. आणि तेवढ्यात त्याचं डावं पाऊल बाहेर गेलं. अंगठा टेकला, चाचपलं, मग त्यावर भार आला, आणि तो उभा होता! धिप्पाड गडी पलीकडे उताणा पडला होता आणि चेंडू गेनूच्याच पायात होता. दुसरा आला, तोही घसरत पुढे गेला. तिसऱ्यानं पाय घातला, तर गेनूनं तेच तिरपं पाऊल टाकून जागच्या जागी अंग फिरवलं. मैदानावर सगळे पडत होते आणि हा एकटा घरच्या अंगणात असल्यासारखा चालला होता. आरडाओरडा करणारं भोर आता त्याच्याच पायांकडे बघू लागलं.

मी टोपी काढली. का काढली ते मला तेव्हा कळलं नाही. देवापुढे डोकं टेकताना काढतो तशी, हात आपोआप वर जाऊन, निघाली. एवढे बैल बघितले, नांगराचे, मोटेचे, शर्यतीचे, पण हाडामांसाच्या अंगात असं काही असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

गेनूनं चेंडू पुढे ढकलला आणि बाजीरावानं गोल केला. घोंगडीवरून फुलाबाई अशी उठली की तिची पिशवी उलटून भाकऱ्या चिखलात गेल्या. पुढे कुणालाच गोल झाला नाही. सामना बरोबरीत सुटला, पण पासलीच्या पोरांना भोरनं खांद्यावर घेतलं.

मी त्या पावलाचाच विचार करत होतो. ते मी कुठंतरी बघितलं होतं.

अक्काबाई गर्दीत आली नाही. लांबूनच सगळं बघून ती फाटकाबाहेर निघाली. गेनूनं तिला जाताना बघितलं. खांद्यावरून खाली उतरून तो तिच्या मागे काही पावलं गेला, आणि थांबला. हाक मारावी की नाही, ते त्याचं ठरेना.

मी त्याच्या मागे जात होतो आणि माझी नजर खाली होती. जनावरांच्या धंद्यातल्या माणसाची नजर नेहमी पायाकडेच असते. फाटकाच्या वाटेपासून जरा बाजूला, लिंबाखाली, मऊ, कुणी न तुडवलेला चिखल होता. त्यात दोन माणसांची पावलं उमटली होती. एक लहान, एक मोठं. दोन्हींत उजवं सरळ. दोन्हींत डावं बाहेर वळलेलं, अंगठा खोल रुतलेला आणि टाच जेमतेम टेकलेली.

एकीचं हाड मोडलेलं होतं. दुसऱ्याच्या पायाला तर काहीच झालेलं नव्हतं.

"आक्का, थांब!" मी बाजारातल्यासारखा ओरडलो. फाटकापाशी होतं नव्हतं ते सगळं वळून बघू लागलं.

ती थांबली.

"तू माज्याशी खोटं बोललीस."

तिचा चेहरा उतरला. "न्हाई वो पाव्हणं. भामाचाच हाय त्यो. देवाशप्पत."

"दम भामाचा असंल. खांदा भामाचा असंल. पर आज ज्यानं ह्येला उबा ठिवला त्यो तोल कुनाचा? हितं ये. हितं बघ."

ती परत आली, अंगठा टेकवत, चाचपत. तिनं खाली बघितलं. आधी तिला कळेना. मग ती हळूहळू खाली बसली, वाकडा पाय बाजूला पसरून, आणि तिनं त्या मोठ्या पावलाच्या ठशावर हात ठेवला.

"बारका व्हता," ती कुणाकडे न बघता म्हणाली. "बांध निसरडा असायचा. म्या म्हनायची, माज्या पावलात पाय ठिवून ये. पडायचा न्हाईस."

"मग पडला का?" मी विचारलं. "म्या आई बघून पोरगं घेतो, आक्का. माजा नियम आजवर चुकला न्हाई. आई कोन, त्ये तेवढं तू मला चुकीचं सांगितलंस."

गेनू पुढे आला. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर खोक. त्यानं वाकून तिच्या दंडाला धरलं.

"आये, ऊठ," तो म्हणाला. "यष्टी चुकंल."

ती उठली नाही. वर बघून म्हणाली, "काय म्हनलास?"

"यष्टी चुकंल म्हनलं."

"त्याच्या आदी?"

यष्टी खरोखरच चुकली. अकरा पोरं, त्यांच्या आया, हवालदार आणि मी, सगळे भोरच्या स्टँडवर भिजत बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याबद्दल कुणाला एक शब्दही बोललो नाही.